आयर्विनला किती?

सांगलीत जुलै लागला की रस्त्यात भेटणारा माणूस आधी एकच विचारतो, "आयर्विनला किती?" १९२९ साली कृष्णेवर झालेल्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. माझ्या बेबीमावशीचा आकडा मात्र तिसराच आहे. ५० फुटांना पाणी तिच्या उंबऱ्याला लागतं.

मावशीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर तीन खुणा आहेत. फरशीपासून चार फुटांवर पहिली, शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं '२००५'. पाच फुटांच्या आसपास '२०२१'. आणि दाराच्या चौकटीच्याही वर, मावशीचा हात पोचणार नाही अशा जागी, '२०१९'. त्या वर्षी पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घर रंगवायला माणूस आला की ती आधी त्याला बजावते, तेवढी पट्टी सोडून रंगव. इतरांच्या घरी दारामागं मुलांची उंची मांडलेली असते. इथं नदीची मांडली आहे.

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा टेबलावर एक ड्रॉइंग पसरलेलं होतं. मावशीला राहतं घर उतरवून त्याच जागी कॉलमवर उचललेलं घर बांधायचं होतं. खालचा मजला मोकळा, राहणं वर. ते ड्रॉइंग बघायला तिनं अण्णामामाला बोलावलं होतं. मामाची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आता तो विश्रामबागेत राहतो, म्हणजे सांगलीच्या चढावरच्या अंगाला. त्यानं चहा घेतला, चष्मा काढला आणि ड्रॉइंगकडं न बघताच त्याची घडी घातली.

"हे बघ बेबी, कॉलमचं मी नंतर बघीन. आधी सांग, इथंच का?"

"इथं माझी जागा आहे म्हणून."

"तुझी आहे, पण तुझ्या आधी नदीची होती. हा ओत आहे, ओत. आपले वडील इथं बैल धुवायला आणायचे."

ओत हा शब्द सांगलीबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसेल. नदी चढू लागली की पाणी पहिल्यांदा ज्या सखल पट्ट्यांमधून आत सरकतं, ते ओत. मामाचं म्हणणं असं की पाणी येतं त्याच वाटेनं परतही जातं, आणि ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. ओतात मुरूम टाकून प्लॉट पाडले की येणारं पाणी थांबत नाही, ते दुसरीकडून वाट काढतं. जाणारं पाणी मात्र अडतं. त्यात सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की कृष्णेला पुढं सरकायला जागाच राहत नाही, ती जागच्या जागी तुंबते. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी काही तासांत डोक्यावरून गेलं आणि ओसरलंही लवकर. सांगलीचा पूर हळू चढतो आणि मुक्काम करतो. कोयनेतून सोडलेलं पाणी इथं यायला दिवसभर तरी लागतो. माणसाला उठून जायला वेळ मिळतो, घराला मिळत नाही. आठ दिवस पाण्यात भिजलेली विटेची भिंत पुढची दोन वर्षं मीठ ओकत राहते.

"अण्णा, हे सगळं मला शिकवू नकोस," मावशी म्हणाली. "त्या मिठाचे पोपडे मी झाडूनं काढलेत. मी विचारते ते वेगळंच. २०१९ ला गावभागात पाणी नव्हतं? मारुती चौकात नव्हतं? तिथल्या कुणाला तू सांगतोस का, उठा म्हणून?"

"होतं. पण तिथं दोन दिवस उशिरा आलं आणि कमी चढलं. तुझ्याकडं ५० ला येतं. धोक्याची पातळी ओलांडली की तुझा रस्ता गेला."

"मग अलमट्टीचं काय?"

खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळं पाणी तुंबतं का, हा प्रश्न सांगलीत प्रत्येक बोलण्यात येतोच. मामा त्यावर चिडला नाही. म्हणाला, "२०१९ च्या पुराचा अभ्यास वडनेरे समितीनं केला, तिनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतोनात पाऊस आणि पूरक्षेत्रातली बांधकामं यांच्याकडं बोट दाखवलं. धरणाची उंची वाढवायला आपण विरोध करायचा तो करूच. पण उद्या अलमट्टी कुणी उचलून नेलं तरी तुझा उंबरा ५० फुटांवरच राहणार आहे."

मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि ड्रॉइंगच्या पाठीमागं दोन रेघा ओढल्या. निळी आणि लाल. महाराष्ट्रात १९८९ पासून पाटबंधारे खातं या पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदाची ती लाल. नदीपासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र.

"लोकांना वाटतं शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आता २०१९ ला येऊन गेला, पुढचा २११९ ला. तसं नसतं गं. दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि ती दरवर्षी नव्यानं सुरू. तू घर बांधलंस आणि तीस वर्षं राहिलीस, तर त्या तीस वर्षांत असा पूर एकदा तरी बघण्याची शक्यता चारात एकाहून जास्त. निळ्या रेषेच्या पुराचं विचारशील तर दहात सात. आणि ही आकडेमोड जुन्या पावसावरची. आताचा पाऊस ते हिशेब पाळत नाही."

"माझं घर निळीच्या वर आहे. गल्लीच्या तोंडाशी रेघ आहे."

"पंधरा पावलं वर."

"पंधरा तर पंधरा. नियमात बसतं ना? २०२० च्या नियमावलीत आहे, लाल रेषेच्या पातळीवर ४५ सेंटिमीटर जोतं घ्या आणि बांधा. पोरानं वाचून दाखवलंय मला."

मामा गप्प झाला. नियम खरा होता. मला वाटतं, त्याला राग नियमाचा नव्हता. रेषा आखण्यात त्यानं उमेदीची वर्षं घातली होती आणि ती रेषा कागदावरून जमिनीवर कधी उतरलीच नाही, याचा होता. तो एकदा म्हणाला होता, की तलाठ्याच्या चावडीपासून बँकेच्या कर्जापर्यंत कुठंही, एखादा गरीब माणूस प्लॉटचे पैसे मोजत असताना, ती रेघ त्याला कुणी दाखवत नाही. पाणी दाखवतं तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

मावशीची गोष्ट तीच. नवरा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. भाड्याच्या दोन खोल्या, तीन मुलं. १९९१ साली दीड गुंठा मिळाला, शेतातला, बिगरशेती न झालेला. सांगलीच्या कडेकडेनं अशी गुंठ्यागुंठ्यांची वस्ती त्या काळात वाढत गेली. इतकी, की २००१ साली राज्याला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाच करावा लागला. प्लॉट विकणाऱ्यानं उन्हाळ्यात जागा दाखवली. कोरडं रान, शेजारी हरभरा.

"तू तेव्हा मला अडवलंस का अण्णा?"

मामा म्हणाला, "तेव्हा मी धुळ्याला होतो. आणि अडवलं असतं तरी दुसरं दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं."

"तेच म्हणते मी! आजही नाही. विश्रामबागेत गुंठ्याचा भाव काय आहे सांग. हे घर विकून मला तिथं जिना येईल, खोली येणार नाही. आणि विकायचं कुणाला? मी विकलं म्हणून नदी थोडीच जागा घेणार आहे? इथं दुसरं कुणीतरी येईल. माझ्यासारखीच कुणीतरी, उन्हाळ्यात जागा बघितलेली."

या वाक्यावर मी वहीत खूण केली. शहरं सुरक्षित करायच्या योजनांमध्ये 'धोक्याच्या क्षेत्रातील लोकसंख्या कमी करणे' असं लिहिलेलं असतं. एक कुटुंब शहाणपणानं उठून गेलं तर लोकसंख्या एकानंही कमी होत नाही. जागा स्वस्त होते आणि आणखी गरीब माणूस तिथं येतो. जोवर चढावर स्वस्त जागा नाही, तोवर उताराची जागा रिकामी राहत नाही. यात नदीचं काही नाही, हा जमिनीच्या भावाचा मामला आहे.

मामानं मुद्दा सोडला नाही. "म्हणूनच एकेकट्यानं उठायचं नाही. सगळी गल्ली उठवायची. सरकारनं वर जागा द्यायची, इथं मैदान करायचं, बाग करायची, भाजी लावायची. अशक्य आहे का? किल्लारीला ५२ गावं हलवली."

१९९४ साली मामा काही महिने तिकडं प्रतिनियुक्तीवर होता. त्याविषयी तो क्वचित बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, दमलेली माणसं झोपेत. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपमापन करणाऱ्यांच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता.

"भूकंप ६.२ चा होता. एवढ्या भूकंपात जपानात माणसं कपभर चहा सांडतात. तिथं माणसं मारली ती माळवदानं. तुम्ही बघितलंय का माळवद? लाकडी खांब, तुळया, वर फळ्या, त्यावर माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा थर टाकायचा. जुना काढायचा नाही, त्यावर नवा. आजोबांनी टाकला, बापानं टाकला, मुलानं टाकला. दोन-दोन फूट माती डोक्यावर. आणि भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या, पण आत काय? बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे चिखल नि कपच्या. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला, दोन्ही थर दोन बाजूंना सुटले आणि ती माती खाली आली. बाहेरून ते घर किल्ल्यासारखं दिसायचं."

मावशी हातातलं काम थांबवून ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "आणि हलवलेल्या गावांत लोक सुखी झाले?"

मामा खरं बोलणारा माणूस आहे. "निम्मं झालं. घरं पक्की दिली. जमीन बघून दिली. भूमिहीन नि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला साडेचारशे, मोठ्याला साडेसातशे. सरळ रांगा, रुंद रस्ते. वरून फोटोत छान दिसतं. पण गोठा कुठं बांधायचा? कडबा कुठं रचायचा? सून घरात आली तर दुसरी चूल कुठं? गावकूस एवढं पसरलं की म्हाताऱ्या बायकांना देवळात जायला अर्धा मैल. मग लोकांनी त्या पक्क्या घराला लागून खोल्या काढल्या. कशाच्या? पडलेल्या घराच्या दगडाच्या, मातीत रचलेल्या."

"म्हणजे परत तेच."

"तेच. मला ते बघवलं नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मामानंच सांगितलं की किल्लारीची दुसरी अर्धी गोष्ट लोकांना माहीत नसते. जी गावं हलवली नाहीत, तिथं लाखाच्या वर घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत केली गेली. पैसे हप्त्याहप्त्यानं घरमालकाच्या हातात, काम त्यानं करून घ्यायचं, इंजिनिअरनं तपासायचं. माळवदावरची माती कमी करायची, भिंतीत आरपार काँक्रीट घालायचं, घराला कंबरेसारखा पट्टा बांधायचा. गवंड्याला हे समजावून सांगायला आणि सरकारला गावाचं म्हणणं कळवायला स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना उभं केलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे.

"त्या बायका माझ्याशी भांडायच्या," मामा म्हणाला. "सळई मोजायच्या. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचायच्या. माझ्या हाताखालच्या पोरांपेक्षा त्यांनी ते घर जास्त नीट समजून घेतलं होतं."

मावशी एवढंच म्हणाली, "मग माझं ड्रॉइंग उघड की."

त्यानं उघडलं. पुढची दहा मिनिटं तो फक्त तळमजल्याकडं बघत होता. नऊ कॉलम आणि मध्ये काही नाही. गाडी लावायला मोकळी जागा.

"हे चालणार नाही. पाण्यासाठी तू घर उचललंस आणि भूकंपासाठी पाडलंस."

२६ जानेवारी २००१ ला भूकंप भुजला झाला. दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत तेव्हा ज्या उंच इमारती कोसळल्या, त्यांतल्या पुष्कळांचा तळमजला असाच पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले भिंतींमुळं ताठ, खालचा नुसत्या खांबांवर. जमीन हलली की सगळं वाकणं त्या एका मजल्याच्या वाट्याला येतं. सांगलीला हे परकं नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का मामानं शाळकरी वयात अनुभवलाय. फळीवरची भांडी खाली येत होती आणि आजी सगळ्यांना अंगणात ओढत होती. कोयना भागाची जमीन त्यानंतरही हलत आलेली आहे.

पूर म्हणतो, खाली मोकळं ठेव. भूकंप म्हणतो, खाली मोकळं ठेवू नकोस. आपत्तीला टिकणारं घर हे बोलायला सोपं आहे. कोणत्या आपत्तीला, हे विचारलं की काम सुरू होतं.

मामानं काम सुरू केलं. चारी बाजूंना एकेक काँक्रीटची भिंत, पण कोपऱ्यालगत, म्हणजे पाणी अडणार नाही. मध्ये जाळीच्या भिंती, पाणी आत शिरेल आणि बाहेरही पडेल अशा. कॉलमच्या रिंगा कॉलमच्या टोकांशी जवळजवळ. त्यानं बोटानं दाखवलं. "गवंडी रिंगेचं टोक असं काटकोनात वाकवतो नि सोडून देतो. धक्का बसला की ती रिंग उघडते. टोक आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळलं पाहिजे, १३५ अंशांत. पैसे वाढत नाहीत, मनगट दुखतं फक्त. तू उभी राहून बघ."

"बघते. त्या बायका बघत होत्या तशी."

पाया काळ्या मातीच्या खाली मुरमात न्यायचा, कारण काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. विजेचा मीटर वर. सेप्टिक टँकच्या पाइपाला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह, कारण नदी दारातून यायच्या आधी मोरीतून येते. सांगलीत ज्याच्या घरी पाणी आलंय त्याला हे विचारा. संडासाच्या भांड्यातून काळं पाणी वर यायला लागतं, तेव्हा रस्ता अजून कोरडा असतो.

मी मध्येच विचारलं, "कॉलमपेक्षा सरळ मुरमाचा भराव टाकून प्लॉट वर घेतला तर? स्वस्त पडेल."

यावर मात्र दोघंही एकदम माझ्यावर आली. मामा म्हणाला, "तू भराव टाकलास की तुझं पाणी शेजाऱ्याच्या घरात. तो टाकेल, मग पुढच्याच्या. शिरोलीला हायवेचा भराव बघितलास ना? पंचगंगा अडून दोन्ही अंगांना पसरली. २०१९ ला पुणे-बेंगळुरू रस्ता दिवसचे दिवस बंद. खांबांवर असता तर पाणी खालून गेलं असतं."

मावशी म्हणाली, "आणि शेजारीण माझ्या घरी रोज भाजी निवडायला बसते. तिच्या घरात मी पाणी ढकलू?"

मग मामानं शेवटची हरकत काढली, आणि मला ती सर्वांत वजनदार वाटली. "समज, सगळं नीट झालं. घर उभं राहिलं, पाणी खालून गेलं. तू वर. रस्ता आठ फूट पाण्यात. वीज नाही. प्यायला पाणी नाही. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मग काय? घर वाचलं म्हणजे माणूस वाचला असं नाही. बेट झालं तुझं."

"मला माहीत आहे बेट," मावशी म्हणाली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सहा दिवस समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर होती. सव्वीस माणसं, एक गाय, दोन शेगड्या. गाय जिन्यावरून वर आणली होती, उतरवताना तीन तास लागले. पावसाचं पाणी ताडपत्रीवर धरून प्यायले. ८ ऑगस्टला कुणीतरी मोबाइलवर बातमी वाचली की ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली. त्यानंतर बोट आली तरी गच्चीवरच्या बायका उतरायला तयार होईनात. सैन्याची बोट आली तेव्हा जवानानं आधी लहान मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट घातलं, ते बघून धीर आला.

"म्हणून म्हणते, पाणी येणार असेल तर मी आधीच निघणार. ४० झालं की सामान वर, ४५ ला मी बाहेर. घर राहायला उचलायचं नाहीये अण्णा. परत यायला उचलायचंय. २०१९ ला परत आले तेव्हा धान्य गेलं होतं, शिलाई मशिन गेलं होतं, मुलीच्या दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटांचा लगदा झाला होता. पूर सहा दिवसांचा. ते भरून काढायला तीन वर्षं लागली आणि त्यातच २०२१ आला."

मामा बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसला. मग मावशीनं नृसिंहवाडीचं नाव काढलं. आमच्या घरात वाडीचं नाव निघालं की वाद मवाळ होतो. वाडीला पाणी चढलं की ते दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नानाला जातात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पूर ओसरला की परत आणतात.

"बघ, नदी येणार हे धरूनच देऊळ बांधलंय," मावशी म्हणाली. "तिला आत यायला दार, बाहेर जायला दार."

"आणि देव जागा सोडतो," मामा म्हणाला. "हट्ट करत नाही."

"सोडतो. पण त्याला वर जागा आहे ठरलेली. कुणाच्या गच्चीवर जायचं, असा प्रश्न त्याला पडत नाही."

नेदरलँड्सनं या शतकाच्या सुरुवातीला नद्यांना जागा परत द्यायचा मोठा कार्यक्रम घेतला. बंधारे आणखी उंच करत बसण्यापेक्षा काही ठिकाणी ते मागं सरकवले. त्यातलं ओव्हरडीप नावाच्या खोलगट शेतीभागाचं उदाहरण मामाला पाठ होतं. तो भाग पुरासाठी मोकळा करायचा ठरला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच पर्याय मांडला : आम्हाला उंच टेकाडं करून द्या, घर-गोठा त्यावर, पूर आला तर खालची कुरणं नदीची. काही कुटुंबं मोबदला घेऊन निघून गेली, आठ टेकाडांवर राहिली. मामा हे सांगत होता ते हलवण्याच्या बाजूनं. मावशीनं ऐकलं ते राहण्याच्या बाजूनं. मला त्यात दिसलं ते तिसरंच. तिथं विचारलं आधी आणि आखलं नंतर. आमच्याकडं रेषा आखून झाल्यावर हरकती मागवतात. मग माणूस रेषेशी भांडतो, कारण भांडायला नदी सापडत नाही.

सांगलीत चढावरच्या मोकळ्या जागा अजून आहेत. यार्डाच्या, गिरणीच्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या. त्यांतली एखादी ओतातल्या गल्ल्यांसाठी राखून ठेवली आणि गल्लीला विचारून, शेजार न मोडता, कामाच्या ठिकाणापासून सायकलच्या टप्प्यात घरं दिली, तर मावशी जाईल का? मी विचारलं.

"शेजारीण आली तर जाईन," ती म्हणाली. "तोवर काय करू? तरंगू?"

पाऊस सुरू झाला होता. मामा उठला आणि टेप मागितला. टेपचं एक टोक मला २०१९ च्या खुणेशी धरायला लावलं, स्टुलावर चढून. तो खाली वाकून वाचत होता. "साडेसात फूट. लाल रेषा या जागेला एवढीच धरू, अंदाजानं, पक्की पातळी कचेरीतून काढून आणतो. वर दीड फूट. नऊ. सध्याचं जोतं रस्त्यापासून दोन फूट. म्हणजे रस्त्यापासून अकरा फूट वर तुझी फरशी."

त्यानं ते लिहिलं. ड्रॉइंगमध्ये जिना घराच्या आत, मागच्या बाजूला होता. त्यावर काट मारून त्यानं तो बाहेर, रस्त्याकडं काढला. म्हणाला, "दार बंद असलं तरी गच्ची उघडी राहिली पाहिजे. गल्लीला वर जाता आलं पाहिजे. आणि हा कठडा इथं मोकळा ठेव, बोट लागेल."

मावशीनं विचारलं, "पायऱ्या किती?"

"सहा इंची धरली तर बावीस."

"समोरच्या आजींचे गुडघे गेलेत. बावीस चढायच्या नाहीत त्या. पाच इंची कर."

"मग सव्वीस-सत्तावीस होतील, नि जिना रस्त्यावर जाईल."

"मध्ये वळव. वळणावर बसायला जागा कर. तिथं दम खातील नि परत चढतील."

मामानं चष्मा वर सरकवला, खोडरबर घेतलं आणि जिना पुन्हा काढायला बसला. बाहेरून सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी ओरडून विचारलं, आयर्विनला किती. मान वर न करता दोघांनी एकदमच सांगितलं, "अठरा."